व्हिक्टोरिया गोदी, दुपारचे पावणेदोन

तारीख १४ एप्रिल १९४४, वार शुक्रवार. काल रात्री सोलापूर सोडलेली गाडी भोर घाट उतरून सकाळी बोरीबंदरला लागली आहे. तुम्ही फलाटावर उतरता. खांद्यावर वळकटी, फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी, खिशात गिरणीच्या मुंबई कचेरीसाठी दिलेली चिठ्ठी.

या फेरीसाठी मी तुम्हाला मुद्दाम एका सोलापूरकराचे डोळे दिले आहेत. हा गडी जुन्या गिरणीत रुई फोडतो. गासडी आली की तिच्या लोखंडी पट्ट्या तोडायच्या आणि दाबून टणक झालेली रुई मोकळी करायची, हे त्याचं रोजचं काम. लढाईमुळे गिरण्यांना उसंत नाही, भोंगा झाला की एक पाळी बाहेर आणि दुसरी आत. रुईच्या आगीबद्दल त्याला जे ठाऊक आहे, ते पुस्तकात वाचलेलं नाही. गासडीवर वरून पाणी मारलं तर वरचा थर भिजतो, धूर मंदावतो, बघणाऱ्याला वाटतं विझली. आत दाबलेल्या थरांत निखारा तासन्‌तास धुमसत राहतो. गासडी बाहेर ओढून फोडावी लागते, तेव्हाच ती विझते. एवढं लक्षात असू द्या, दुपारी लागणार आहे.

बोरीबंदरहून पूर्वेला चला. हा फ्रियर रोड. पुढे याचं नाव पी. डिमेलो रोड होईल. शहर रेशनवर आहे, रात्री दिवे झाकलेले असतात. वाटेत एका चाळीत बाबासाहेबांच्या वाढदिवसाची तयारी चालली आहे. ते आज त्रेपन्न वर्षांचे झाले आणि दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत आहेत. नाक्यावर वर्तमानपत्र उघडून चारजण इंफाळ आणि कोहिमाची बातमी वाचताहेत. जपानी फौज तिथवर येऊन भिडली आहे. मुंबईवर बॉम्ब पडेल का, हा प्रश्न दोन वर्षं सगळ्यांच्या तोंडी आहे. आज उत्तर मिळणार आहे, पण ते कुणाला सुचलेलं नाही.

गोदीच्या फाटकावर ओळखीच्या मुकादमाने तुमच्यासाठी बिल्ला ठेवला आहे. आत शिरताच नाकात घाण वास भरतो. माशांच्या खताचा. तो एक नंबरच्या धक्क्याला लागलेल्या जहाजातून येतोय. जहाजाचं नाव ‘फोर्ट स्टिकीन’. कॅनडात १९४२ साली बांधलेलं, कोळशावर चालणारं, ७,१४२ टनांचं. फेब्रुवारीत इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं, कराचीला थांबलं आणि परवा, १२ तारखेला, इथे आलं.

कराचीला काय झालं ते ऐका, कारण आजची दुपार तिथे लिहिली गेली. जहाज इंग्लंडहून निघालं तेव्हाच त्यात जवळजवळ १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता: टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे. त्यातला २३८ टन माल सगळ्यात नाजूक, ‘ए’ वर्गातला. शिवाय पेट्यांत बंद स्पिटफायर विमानं. आणि ३१ पेट्यांत सोन्याच्या विटा, प्रत्येक पेटीत चार, तेव्हाच्या भावाने ८,९०,००० पौंडांच्या. विमानं कराचीला उतरली. मोकळ्या झालेल्या जागेत हजारो गासड्या रुई, लाकूड, तेलाची पिंपं, भंगार, गंधक आणि हे माशांचं खत भरलं. लढाईच्या दिवसांत जहाजातली रिकामी जागा म्हणजे गुन्हाच. कप्तान नेस्मिथ नाखूष होते, पण नाखुशीला कागदावर रकाना नसतो. दोन नंबरच्या तळघरात रुई खाली आणि स्फोटकं वरच्या मजल्यावर, अशी मांडणी झाली. तुमच्या गिरणीत रुईच्या खोलीत विडी ओढणाऱ्याला जॉबर कानाखाली देतो. इथे रुईच्या डोक्यावर बारूद ठेवून जहाज हजार किलोमीटर आलं.

युद्धाआधी स्फोटकांचं जहाज गोदीच्या आत येतच नसे. बाहेर समुद्रात नांगर टाकायचं आणि माल पडावांतून उतरवायचा, असा नियम होता. युद्धाच्या घाईत नियम सैल झाला. दारूगोळा भरलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा, तोही आज डोलकाठीवर नाही. गोदीत असा बावटा आता इतक्या जहाजांना लावावा लागला असता की त्याला अर्थ राहिला नसता, असं म्हणतात. परिणाम एवढाच, की शेजारच्या जहाजांवरच्या खलाशांना आणि धक्क्यावरच्या हमालांना आपण कशाशेजारी उभे आहोत हे माहीत नाही. दोन दिवस झाले तरी स्फोटकं पूर्ण उतरलेली नाहीत. आधी खत, कारण वास सहन होत नाही. आधी गळणारी पिंपं. पडाव यायला उशीर.

साडेबारा. जेवणाची सुट्टी. टोळ्या सावलीला बसल्या आहेत, तुम्हीही भाकरी मोडता. जवळच्या जहाजावरचा कुणीतरी ‘फोर्ट स्टिकीन’च्या हवा खेळायच्या नळकांड्याकडे बघतो. बारीकसा धूर. पण त्या जहाजावरचेच लोक निवांत आहेत, मग आपण कशाला बोला? असे बघणारे आज एकाहून जास्त आहेत. सव्वा तास असाच जातो.

पावणेदोन. सुट्टी संपवून टोळी दोन नंबरच्या तळघरात उतरायला जाते आणि धडपडत वर येते. आग! जहाजावरचे पंप सुरू होतात, गोदीतला बंब नळ्या सोडतो. अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षाला मोठ्या आगीचा निरोप द्यायला एक जवान धावतो. हाताला लागलेल्या टेलिफोनला डायल नाही. तो धोक्याच्या घंटेची काच फोडतो. घंटा वाजते २ वाजून १६ मिनिटांनी, पण घंटेला बोलता येत नाही. आग किती, कशात, कशाशेजारी, हे तिच्यातून कळत नाही, म्हणून रिवाजाप्रमाणे दोन बंब निघतात. जहाजात काय आहे हे कळल्यावर आणखी आठ बंब येतात. पितळी टोपांतली माणसं धक्क्यावरून नळ्या ओढू लागतात.

आता तुमच्या सोलापूरच्या डोळ्यांनी बघा. बत्तीस नळ्या तळघरात पाणी ओतताहेत. पाणी साचतंय. साचलेल्या पाण्यावर रुई तरंगते, हे तुम्हाला सांगायला नको. जळणाऱ्या गासड्या पाण्याबरोबर वर चढताहेत, आणि वरच्या मजल्यावर स्फोटकं आहेत. आग विझवायला ओतलेलं पाणीच आगीला उचलून तिथवर नेतंय. तुम्ही मुकादमाचा हात धरता. “अहो, ह्यानं नाही विझायची. गासड्या बाहेर काढा म्हणावं.” मुकादम तुमच्याकडे बघतो. “कुणाला म्हणू पाव्हणं?”

कुणाला म्हणू. त्या दुपारचं सगळं या प्रश्नात आहे. जहाजाच्या कठड्यापाशी चार-पाच साहेब उभे आहेत, प्रत्येकाच्या हातात अधिकाराचा एकेक तुकडा. दारूगोळा खात्याचा अधिकारी मालाची यादी पाहून सांगतो की हे उडालं तर गोदी उडेल, जहाज बुडवा. गोदीत पाणी इतकं खोल नाही की जहाज तळाला टेकलं तरी स्फोटकं बुडतील. गोदीचे मुख्य व्यवस्थापक म्हणतात, ओढून समुद्रात न्या. अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स यांना नळ्या सोडवत नाहीत. जहाज ओढायचं म्हणजे नळ्या काढायच्या, आणि तेवढ्या वेळात वाऱ्याने आग भडकेल. कप्तानाला मालकांचं जहाज स्वतःच्या हाताने बुडवायचं आहे की नाही, ते त्याच्याच्याने ठरत नाही. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे. या सगळ्यांवर हुकूम चालवील असा माणूस मात्र धक्क्यावर नाही. जहाज ना बुडतं, ना हलतं.

तीनच्या सुमाराला जहाजाच्या कुशीवरचा रंग फोड येऊन सुटायला लागतो. आगीचं मूळ बरोबर इथे, पत्र्याच्या पलीकडे. इथे भोक पाडलं तर थेट पाणी मारता येईल. गॅसचं कटर येतं. ते चालत नाही. पत्रा तापत राहतो. धक्क्यावर पाणी आणि घाम, आणि बघ्यांची गर्दी. कुणीच कुणाला हटवत नाही, कारण हटवायचं तर कारण सांगावं लागेल.

आता चला. पावणेचार वाजले आहेत. तुम्ही पाहुणे आहात, म्हणून मी तुम्हाला बाहेर काढू शकतो. मुकादमाला काढता येत नाही. मागे वळून बघायचं असेल तर फाटकातून बघा: ३ वाजून ५० मिनिटांच्या सुमाराला तळघरातून ज्वाळांचा लोळ उसळतो, डोलकाठीच्याही वर जातो, आणि जहाज सोडायचा हुकूम सुटतो. माणसं शिड्यांवरून, दोरांवरून उतरतात, काही उड्या टाकतात. आणि धक्क्यावर उतरलेले बंबवाले पुन्हा नळ्या उचलून पाणी मारू लागतात. पळ काढायला त्यांना पंधरा मिनिटं होती. आतापर्यंत त्यांच्यातल्या कित्येकांना माल काय आहे ते कळलेलं आहे.

४ वाजून ६ मिनिटं.

तुम्ही मशीद बंदरच्या पुलापलीकडे पोचला आहात. आधी जमीन पायाखालून सरकते, मग आवाज येतो, मग वारा. तुम्ही रस्त्यावर आडवे. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या आहेत. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर रेघ उमटली आहे. ‘फोर्ट स्टिकीन’ दोन तुकडे होऊन संपलं. शेजारचं जवळपास चार हजार टनांचं ‘जलपद्म’ पाण्यातून उचललं जाऊन गोदामाच्या छपरावर आदळलं आहे. ‘बरोडा’, ‘फोर्ट क्रेव्हियर’, ‘एल हिंद’ जळताहेत. कप्तान नेस्मिथ गेले. धक्क्यावर नळ्या धरलेले गेले. मुकादमाचं नाव विचारायचं राहिलं का? त्या दिवशी गेलेल्या हमालांपैकी अनेकांची नावं कुणी विचारलीच नाहीत.

आणि मग आकाशातून रुई पडू लागते. जळती रुई. मांडवी, चिंचबंदर, डोंगरी, मशीद बंदर इथे धान्याची गोदामं आहेत, लाकडी माड्या आहेत, एकेका खोलीत आठ-दहा माणसं आहेत. पेटलेल्या रुईचे गोळे कौलांवर, गच्च्यांवर, हातगाड्यांवर पडतात आणि जिथे पडतात तिथे नवी आग लागते. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट होतो, जहाजाच्या मागच्या भागातला. तो पहिल्यापेक्षा मोठा. लोक वर बघतात, विमानं शोधतात. “जपान्यांनी टाकला!” प्रत्येक गल्लीत हेच. वर विमान नाही.

जे. जे. आणि सेंट जॉर्ज इस्पितळांकडे जखमींच्या गाड्यांची रीघ लागते. एका गल्लीत तुम्ही थांबता. एक बाई कळशीने पाणी आणून आपल्या दारातल्या रुईच्या गोळ्यावर ओतते. धूर थांबतो, ती वळते. तुम्ही तिला थांबवता, काठीने गोळा फोडता, आतला लाल निखारा दाखवता, मग पुन्हा पाणी मागता. तुमचं सोलापूरचं ज्ञान आज एवढ्या एका दाराशी उपयोगी पडलं.

त्याच संध्याकाळी एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून एक जड वस्तू आत येते. सोन्याची वीट. ते ती परत करतात. बक्षीस मिळतं ९९९ रुपये. तेही ते मदतनिधीला देऊन टाकतात.

आता घड्याळ जरा वेगाने फिरवू. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागतात. आग पसरू नये म्हणून सैनिक वस्त्यांत मोकळे पट्टे पाडतात. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० असा वेगवेगळा सांगितला जातो. सुमारे ८०,००० लोक बेघर, ५०,००० लोकांचा रोजगार गेलेला, तेरा जहाजं गमावलेली. ५०,००० टनांहून जास्त धान्य जळालं, आणि बंगालच्या दुष्काळानंतर वर्ष उलटायच्या आत मुंबईत धान्याचा काळाबाजार वाढला. सोलापूरला परत गेल्यावर तुम्ही हे सांगाल तर कुणी विश्वास ठेवणार नाही, कारण छापून काही आलेलं नाही. सेन्सॉरने बातमी दाबली आहे. जगाला पहिली खबर दिली ती शत्रूच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, १५ एप्रिलला. हिंदुस्थानातल्या वार्ताहरांना सविस्तर लिहायची मुभा मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ज्या शहराच्या काचा फुटल्या त्या शहराला आपल्या काचा का फुटल्या हे वाचायला महिना वाट बघावी लागली.

गोदी पुन्हा चालू करायला ८,००० माणसं सात महिने राबली. सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसला. गाळात सोन्याच्या विटा आणि जिवंत तोफगोळे पुढेही कित्येक दशकं सापडत राहिले. सरकारने चौकशी आयोग नेमला. शत्रूचा हात नव्हता, घातपात नव्हता. कुणाच्या तरी विडी-सिगारेटचा संशय राहिला. रुई आणि स्फोटकं एकत्र भरणं, धोक्याचा बावटा नसणं, माल वेळेत न उतरवणं आणि आग लागल्यावर एकहाती हुकूम नसणं, ही खरी कारणं. ठिणगी कुणाचीही असो, तिच्यासाठी सगळी तयारी करून ठेवली होती.

युद्धातले मृत्यू म्हटलं की डोळ्यांसमोर आघाडी येते. पण युद्ध आपली माणसं शत्रूशिवायही खातं. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५,३००हून अधिक हवाईसैनिक सरावाच्या उड्डाणांतच मेले. त्यांना ना तोफ लागली ना शत्रूचं विमान दिसलं. धुकं, डोंगर, बिघडलेलं इंजिन आणि अपुरी झोप पुरली. इंग्लंड-स्कॉटलंडच्या डोंगरांवर अशा बॉम्बर विमानांच्या अवशेषांशेजारी छोटे क्रूस आणि शिळा उभ्या आहेत. पुण्याजवळ खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत. पश्चिम भारतात लढाईची आघाडी कधी नव्हतीच. दूरच्या लढाईच्या आणि तिच्या तयारीच्या वाटेवर, आजाराने, अपघाताने, जखमांनी गेलेल्यांचं हे गाव आहे. तिथे प्रत्येक शिळेवर नाव, पलटण, तारीख, वय. स्मारक असंच असावं. ते शौर्याचा गाजावाजा करत नाही, कोण गेला तेवढं सांगतं.

आता २१व्या शतकात परत या आणि भायखळ्याला मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयात चला. १९४४ च्या त्या दुपारी गेलेल्या जवानांचं स्मारक इथे आहे. दलाचे ६६ जण गेले असं मानलं जातं. दरवर्षी १४ एप्रिलला गणवेशातले जवान मानवंदना देतात आणि देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती असते, त्यामुळे दादर आणि सोलापूर दोन्हीकडचे रस्ते माणसांनी फुललेले असतात. व्हिक्टोरिया गोदी आता शोधू नका. तिच्यात भराव टाकून ती बुजवली आहे, शेजारची प्रिन्सेस गोदीही. ज्या पाण्यात जहाज बुडवावं की नाही यावर वाद चालला होता, ते पाणीच उरलं नाही.

स्मारकासमोर उभं राहिल्यावर आपण ‘वीर’ म्हणतो आणि ते खरंच आहे. पावणेचारनंतर नळी उचलणाऱ्याला दुसरा शब्द नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर ज्यांनी लाल बावटा लावला नाही, ज्यांनी रुईवर बारूद ठेवलं, ज्यांनी सव्वा तास धूर बघून मान वळवली, ते सगळे वीरांच्या सावलीत सुखरूप राहतात. त्या ६६ जणांना शूर व्हायची वेळ आली, कारण त्यांच्या आधी डझनभर माणसांनी साधं काम केलं नाही. मी तरी त्या दुपारचा निकाल असाच लावतो.

आणि हा निकाल १९४४ पुरता नाही. मे २०२५ मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली. धागा, कापूस, कापड. आत झोपलेली माणसं. ८ जण गेले, त्यात लहान मूलही होतं. पुन्हा कापूस, पुन्हा बंबांची धावपळ.

म्हणून एक विनंती. तुम्ही जिथे काम करता, तो कारखाना असो, गोदाम असो, शाळा असो किंवा सोसायटी, तिथे या १४ एप्रिलला दोन गोष्टी विचारा. इथे कशाशेजारी काय ठेवलं आहे? आणि आग लागली तर ‘सगळे बाहेर पडा’ असं म्हणायचा अधिकार कुणाचा? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून एका माणसाचं नाव मिळायला हवं. दोन नावं मिळाली, किंवा एकही मिळालं नाही, तर तुमचं जहाज अजून धक्क्यालाच लागलेलं आहे असं समजा.